पोपटरावांचा आवाज आणि शिवानी मॅडमचा संघ

पोपट डुंबरे हा माणूस आपल्याला फारसा ठाऊकच नव्हता, हे त्र्यंबकरावांच्या लक्षात आलं ते पोपटराव गेल्यावर. शिवानी मॅडम घरी आल्या होत्या. कॉलेजच्या कबड्डीच्या मुली मैदानावर एक छोटासा श्रद्धांजलीचा कार्यक्रम करणार होत्या.

"काका, तुम्ही दोन शब्द बोला," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या सगळ्यात जवळचे तुम्हीच."

त्र्यंबकरावांनी मान हलवली, कारण नाही म्हणायलाही धीर लागतो आणि तो त्यांच्यापाशी कधीच नव्हता. मॅडम गेल्यावर ते आठवायला बसले. पोपटरावांचं गाव जुन्नरच्या बाजूचं, पण नेमकं कोणतं? मुलं किती? एक मुलगी नाशिकला दिलेली असावी. त्यांच्या बायकोचं नाव मालन, हे त्यांच्या बोलण्यातून अनेकदा ऐकलेलं. पण त्या बाईंना पाहिलं ते थेट दुखवट्याला भेटायला गेले तेव्हा. दोन वर्षं रोज संध्याकाळी शेजारी बसणारा माणूस, आणि त्याला गोड चालत होतं की नाही हेसुद्धा सांगता येईना.

"त्यांना काय आवडायचं ते तरी माहीत असेल," त्र्यंबकरावांच्या पत्नी प्रमोदिनीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"ओरडायला," त्र्यंबकराव म्हणाले.

"मग तेच सांगा की."

तर ते असं झालं.

त्र्यंबकरावांचा सगळा जन्म डोंबिवलीत दोन खोल्यांत गेला. पाणी खात्यात नकाशे काढायचं काम. समोर कागद, हातात पट्टी, बोलायचं कुणाशी नाही. अगदी मनासारखी नोकरी. निवृत्तीनंतर मुलानं, सलीलनं, कल्याणला मोहन्याच्या वाटेवर नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर जागा घेतली आणि दोघांना तिकडे आणलं. प्रमोदिनीबाईंनी आठवडाभरात भजनी मंडळ शोधून काढलं. त्र्यंबकराव बाल्कनीत उभे राहू लागले.

"अहो, किती वेळ खाली बघत उभे राहता? लोकांना वाटेल उडी मारताय," बाई एक दिवस म्हणाल्या. "जा, खाली जा. माणसांत जा."

इमारतीच्या मागंच कॉलेजचं मैदान होतं. माणसांत जायचं म्हणून त्र्यंबकराव मैदानाच्या कडेला गेले आणि तिथं त्यांना एक ओळखीचा दिसला. माणूस नव्हे, पाइप. गटाराच्या कामासाठी आणलेला आणि काम झाल्यावर तिथंच विसरलेला सिमेंटचा जाडजूड पाइप. असले पाइप त्र्यंबकरावांनी कागदावर हजारो काढले होते. त्यांना इतकं बरं वाटलं की ते सरळ तिकडे गेले. पाइपावर आधीच एक गृहस्थ बसले होते. शिडशिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खांद्यावर पंचा.

"बसा," ते गृहस्थ म्हणाले. "तापलाय. पण बसल्यावर गार होतो."

त्र्यंबकराव बसले. आणि त्याच क्षणी त्यांच्या कानाशी असा काही आवाज फुटला, की ते जवळजवळ पाइपावरून घसरलेच.

"मंजुळा! उजवा कोपरा मोकळाय गं! आंधळी झालीस का?"

मैदानात कबड्डीचा सराव चालू होता. हा पोपटरावांचा आवाज. मोहन्याच्या जुन्या रेयॉन कारखान्यात, धागा काढायच्या खात्यात त्यांची नोकरी झालेली. तिथं यंत्रांची घरघर एवढी, की शेजारच्याला वेळ विचारायची तरी बोंब ठोकावी लागायची. कारखाना बंद पडला, यंत्रं गप्प झाली, पोपटराव मात्र झाले नाहीत. दुधवाल्याशी ते याच आवाजात बोलत, आणि मालनबाई म्हणे याच आवाजात उत्तर देत. नावावरून कुणी विनोद करायला गेला, की पोपटराव तो स्वतःच पुरा करत आणि मोठ्यानं हसत. मग समोरच्याला करण्यासारखं काही उरत नसे.

कॉलेजशी त्यांचं नातं काय म्हणाल तर काही नाही. ते स्वतः सातवीच्या पुढं शिकले नव्हते, मुलगीही दुसऱ्या कॉलेजात शिकली. पण कारखाना बंद झाल्यावर संध्याकाळी पाय कुठंतरी जायला हवेत म्हणून ते या मैदानाकडे वळले आणि मुलींच्या संघाचे झाले. गावाकडं मातीतली कबड्डी खेळलेले. संघ हरो की जिंको, सामना कल्याणात असो नाहीतर ठाण्यात, पोपटराव हजर. कॉलेजच्या बसमध्ये ड्रायव्हरमागची जागा त्यांची, हे कुणी ठरवलं नव्हतं आणि कुणी मोडलंही नव्हतं.

त्या वर्षी संघाला नव्या कोच आल्या होत्या. शिवानी भोईर. स्वतः चांगली खेळाडू. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खेळणं सुटलं. कॉलेजच्या क्रीडा समितीनं त्यांना दोन वर्षांच्या बोलीवर घेतलं होतं. दोन वर्षांत आंतरमहाविद्यालयीन करंडक आला तर पुढं ठेवायचं, नाहीतर बाहेरून कुणी मोठ्या नावाचा माणूस आणायचा. हे गुपित नव्हतं. चहाच्या टपरीवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक होतं.

"कशा आहेत मॅडम?" काहीतरी बोलायला हवं म्हणून त्र्यंबकरावांनी त्या पहिल्या दिवशी विचारलं.

पोपटरावांनी डोळे बारीक केले.

"ओला धागा," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आमच्या खात्यात धागा पाण्यातनं निघायचा ना, तेव्हा बघायला असा झकास! रेशमाच्या तोंडात मारेल. पण ओला असतो तोवर त्यात दम नसतो. बोट लावलं की तुटला. सुकला, की मग ओढा किती ओढायचा तो. ही पोरगी ओली आहे अजून. बघू, सुकते का तुटते."

पहिल्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत हरला. पोपटराव परतीच्या बसमध्ये गप्प बसले, म्हणजे फक्त ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढंच बोलले. "पोरींना नुसती पळवते. कबड्डी आहे का शर्यत?" हेच त्यांनी दुसऱ्या दिवशी मॅडमना तोंडावर ऐकवलं.

"काका, तुम्हीपण या की," मॅडम शिट्टी फिरवत म्हणाल्या. "दोन चकरा मारा आमच्याबरोबर. मग सांगा कबड्डी आहे का शर्यत."

"मी धावलो तर तुमच्या पोरी मागं पडतील, मॅडम. त्यांचं मन मोडायचं नाही म्हणून बसलोय."

मुली खिदळल्या. मॅडमही हसल्या. शिवानी मॅडमनी पोपटरावांना कधी गप्प बसायला सांगितलं नाही, ही गोष्ट त्र्यंबकरावांना फार मोठी वाटायची. त्यांच्या स्वतःच्या कामाच्या वेळी कुणी कानाशी असा आवाज काढला असता, तर त्यांनी नोकरी सोडली असती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर संघ जिंकायला लागला. सरावात आधीच्या वर्षी धापा टाकणाऱ्या मुली आता शेवटच्या मिनिटाला पहिल्यासारख्या उड्या मारत होत्या. पण पोपटरावांना त्यातलं वेगळंच काही खुपत होतं.

"माझं ऐकतच नाहीत हो पोरी," ते म्हणायचे. "मी उजवा कोपरा सांगतो, मंजुळा डावीकडं जाते. मी डावा सांगतो, ती उजवीकडं. मॅडमनी भरवलंय डोक्यात काहीतरी. आणि तरी पॉइंट मिळतात! नशीब बघा कसं असतं. मॅडमचं नशीब जोरावर आहे, एवढंच. धागा ओलाच आहे अजून."

कबड्डीतलं त्र्यंबकरावांना काही कळत नव्हतं. पण आयुष्यभर रेघा मारलेल्या माणसाला कोण कुठून कुठं सरकतं एवढं दिसतंच. चढाईला निघालेली मंजुळा मधली रेघ ओलांडायच्या आधी अर्धा क्षण थांबते. पोपटराव ओरडतात. समोरचा सगळा संघ पोपटराव म्हणतील त्या बाजूला सरकतो. आणि मंजुळा दुसऱ्या बाजूला शिरते. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. सामन्याच्या आधी मॅडम स्वतः येऊन पोपटरावांची खुर्ची मधल्या रेघेजवळ ठेवतात, हेही त्यांनी पाहिलं होतं. पोपटरावांना वाटे, हा आपला मान.

हे बोलावं का, म्हणून त्र्यंबकराव दोनतीनदा घसा साफ करून तयार झाले.

"काय हो, खोकला झालाय?" पोपटरावांनी विचारलं.

"नाही, काही नाही," ते म्हणाले. पुन्हा वाटलं, आपल्यालाच चुकीचं दिसत असेल. दोन वर्षांपूर्वी ज्याला कोपरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं त्यानं काय बोलावं!

संघ अंतिम फेरीत पोचला. सामना ठाण्याला, कोपरीच्या कॉलेजाशी, त्यांच्याच मैदानावर. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी पोपटराव टपरीवर दोन चहा आणायला गेले आणि परत आले ते चहा न आणताच. पाइपावर बसले. मैदानात मंजुळा चढाईला निघाली, मधल्या रेघेशी थांबली. पोपटराव ओरडले नाहीत.

"बरं नाही का?" त्र्यंबकराव घाबरून म्हणाले.

"टपरीवर समितीवाले अण्णा होते," पोपटराव म्हणाले. त्यांचा आवाज आज पहिल्यांदाच साध्या माणसासारखा होता. "माझी पाठ होती, त्यांनी बघितलं नाही मला. कुणाला तरी सांगत होते, 'संघ चालवतं कोण, ती मुलगी का तो पाइपावरचा म्हातारा? पोरी त्याच्या तालावर नाचतात. असल्या कोचला ठेवून काय करायचं? उद्या मी स्वतः येतोय, बघतो आणि काय ते ठरवतो.'"

त्र्यंबकराव पाइपावर थोडे जवळ सरकले.

"उद्या मी तोंड उघडणार नाही," पोपटराव म्हणाले. "मी काय, आज आहे उद्या नाही. माझ्या बडबडीपायी पोरीच्या पोटावर पाय यायला नको."

"पण तुम्ही तर म्हणता मॅडमचं नुसतं नशीब आहे. ओला धागा."

पोपटरावांनी मैदानाकडे पाहिलं. मॅडम एका मुलीचा घोटा हातात धरून तिला काहीतरी समजावत होत्या.

"सुकलाय हो," ते म्हणाले. "कधी सुकला, माझं लक्षच नाही. मी आपला ओला ओला करत बसलो. गेल्या वर्षीची ही पायल, आठवतं? कुणी अंगावर आलं की डोळे मिटून घ्यायची. आता बघा कशी उभी राहते. हे नशिबानं होत नाही, त्र्यंबकराव. रोज उठून करावं लागतं."

ही वेळ होती बोलायची. 'अहो, मुली तुमच्या तालावर नाचत नाहीत, नेमक्या उलट नाचतात,' एवढंच म्हणायचं होतं. पण माणूस एवढं मन मोठं करून बसलेला असताना त्याला हे कसं सांगणार? त्र्यंबकराव उठले आणि दोन चहा घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी कोपरीच्या मैदानावर जत्रा भरली होती. ठाण्यातल्याच टेंभी नाक्याकडची पोरं कोपरीच्या बाजूनं ढोल-ताशे घेऊन आली होती. पोपटराव पांढरा धुतलेला शर्ट घालून, खिशात खडीसाखरेची पुडी घेऊन आले होते. मधल्या रेघेजवळची खुर्ची तयार होती. बरोबर मागच्या रांगेत समितीवाले अण्णा, कडक इस्त्रीचे कपडे, हाताची घडी. पोपटरावांनी त्यांना नमस्कार केला, खडीसाखरेचा चांगला लिंबाएवढा खडा तोंडात टाकला, गाल फुगवून बसले आणि त्र्यंबकरावांना खूण केली, की आता बघा.

सामना सुरू झाला. मंजुळा पहिल्या चढाईला निघाली. मधल्या रेघेशी नेहमीप्रमाणे अर्धा क्षण थांबली. कोपरीच्या मुलीही थांबल्या. त्यांच्या कप्तानाची मान तर चक्क पोपटरावांच्या खुर्चीकडे वळली होती. त्या आवाजाची कीर्ती ठाण्यापर्यंत पोचली होती. सगळ्यांना वाटे, हा म्हातारा कल्याणवाल्यांचा डाव बाहेरून सांगतो.

आवाज आला नाही.

कोपरीच्या मुली जागच्या जागी घट्ट उभ्या राहिल्या. मंजुळा गोंधळली, मधोमध शिरली आणि चौघींनी मिळून तिला अशी काही खाली घेतली, की ढोल पाच मिनिटं थांबला नाही.

पुढचंही तसंच. मंजुळा थांबायची, खुर्चीकडे बघायची, पोपटराव खडीसाखर चघळायचे, मंजुळा पकडली जायची. पोपटरावांच्या मानेच्या शिरा तटतटून आल्या होत्या. एका हातात पंचा पिळून दोरी झाला होता, दुसऱ्या हाताखाली त्र्यंबकरावांचा गुडघा होता. तो पुढं आठवडाभर दुखला.

मध्यंतराला कल्याणचा संघ चांगलाच मागं होता. मुली पाणी प्यायला गेल्या आणि शिवानी मॅडम धावत खुर्चीपाशी आल्या.

"काका, काय होतंय? छातीत दुखतंय का? डॉक्टर आहेत इथं, बोलावू?"

पोपटरावांनी मान हलवली आणि गालातला खडा दाखवला.

"मग ओरडत का नाही?"

पोपटरावांनी खडा काढून पंच्यात गुंडाळला. मागं अण्णा बसलेत हे ते साफ विसरले.

"मॅडम, मी तुमच्यासाठी गप्प बसलोय. लोक म्हणतात, संघ तुम्ही नाही, मी चालवतो. तुमची नोकरी जायला नको माझ्यापायी."

मॅडमनी दोन्ही हात कपाळाला लावले.

"अहो काका! सगळा डाव तुमच्या आवाजावर बसवलाय मी! तुम्ही उजवा म्हणालात की समोरचे उजवीकडं सरकतात आणि मंजुळा डावीकडं जाते. डावा म्हणालात की उजवीकडं. दिवाळीपासनं हेच करतोय आम्ही. आज तुम्ही गप्प, मंजुळानं जायचं कुठं?"

पोपटराव खुर्चीत पुढं सरकले.

"म्हणजे मी सांगतो त्याच्या उलट?"

"हो."

"दरवेळी?"

"दरवेळी."

"आणि मी बरोबर सांगत असलो तर?"

मॅडमनी जीभ चावली. "तसं अजून झालं नाहीये, काका."

आता हा माणूस उठून चालायला लागणार, असं त्र्यंबकरावांना वाटलं. पोपटराव एकदम हसायला लागले. आधी खांदे हलले, मग खुर्ची हलली, मग डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पंच्यानं पुसायला गेले तर खडीसाखर भुवईला चिकटली.

"अन् हे मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नाटक केलं असतं. तुम्हाला नाटक येत नाही. तुम्ही मनापासून ओरडता म्हणून तर ते फसतात."

"अहो, पण आता मला कळलं ना! आता मी खरं ओरडू का खोटं ओरडू? मला उजवा बरोबर वाटला तर डावा म्हणू, म्हणजे ती उजवीकडं... का उजवाच म्हणू?"

"काका, हात जोडते. विचार करू नका. मनात येईल ते ओरडा. विचार करायला मी आहे ना!"

शिट्टी झाली. मॅडम धावत गेल्या. मागच्या रांगेत अण्णांच्या हातांची घडी सुटली होती.

मंजुळा निघाली, रेघेशी थांबली. पोपटराव उभे राहिले.

"मंजुळाऽ! उजवा! नाही, डावा! थांब, उज... अगं तू बघ गं बाई तुझं!"

कोपरीच्या मुली उजवीकडं सरकल्या, तिथून डावीकडं पळाल्या आणि दोघी एकमेकींवर आपटल्या. मंजुळा शांतपणे दोघींना शिवून परत आली. कल्याणच्या बाजूनं अशी आरोळी उठली, की टेंभी नाक्याच्या ढोलवाल्याचा ठेकाच चुकला.

मग मात्र पोपटरावांना सूर सापडला. मुकाट्यानं काढलेला सगळा पहिला अर्धा त्यांनी व्याजासकट वसूल केला. गुण भराभर चढू लागले. पायल तर एका मुलीचा घोटा धरून अशी बसली की सोडायला पंचांना सांगावं लागलं. आणि शेवटची चढाई उरली, कल्याण एका गुणानं मागं, मंजुळा रेघेशी थांबली, पोपटरावांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

घसा बसला होता. पार बसला होता.

पोपटरावांनी त्र्यंबकरावांचा दंड धरला. ओठ हलले. "तुम्ही."

"मी?"

"तुम्ही ओरडा."

आता त्र्यंबकराव म्हणजे असा माणूस, की भाजीवाला पुढं गेला तर त्याला हाक मारण्यापेक्षा ते भाजीशिवाय परत यायचे. घरातसुद्धा ते प्रमोदिनीबाईंना बोलवायचे ते त्यांच्यापर्यंत चालत जाऊन. पण मंजुळा रेघेशी उभी होती. तिच्यापलीकडे शिवानी मॅडम, दोन्ही मुठी आवळून, त्यांच्याकडेच बघत होत्या. त्र्यंबकराव उठले. कुठून आवाज आला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मंजुळाताई! आपण कृपया उजव्या कोपऱ्याकडे जावं!"

आधी कुणीतरी फिस्सकन हसलं, मग पंच हसले, मग कोपरीची उजव्या कोपऱ्यावरची मुलगी तोंडावर हात धरून हसली आणि बाकीच्या, कोण हा माणूस म्हणून, माना वळवून बघायला लागल्या. मंजुळा डावीकडं गेली. एकीला हात लावला, दुसरीला पाय लावला आणि परत रेघेवर आली.

एका गुणानं जिंकले.

पुढचा अर्धा तास कोण कुणाच्या गळ्यात पडतंय काही समजत नव्हतं. मुलींनी मॅडमना उचललं. मॅडम ओरडत होत्या, "अगं गुडघा! माझा गुडघा!" मंजुळा धापा टाकत आली आणि त्र्यंबकरावांच्या पाया पडली.

"काका, 'आपण कृपया'? अहो, मी हसून श्वास सोडला असता तर आऊट झाले असते ना!"

त्या दिवसापासून त्र्यंबकराव मैदानावर कृपया काका झाले. अजून आहेत.

अण्णा गर्दी सरेपर्यंत थांबले. मग मॅडमपाशी आले.

"मॅडम, पुढच्या वर्षाच्या तयारीला लागा. कागदपत्रांचं मी बघतो," ते म्हणाले. जाताना खुर्चीपाशी थबकले. "आणि डुंबरे, घसा जपा. संघाची मालमत्ता आहे ती."

पोपटरावांना उत्तर द्यायचं होतं, चांगलं झणझणीत. पण आवाज नव्हता. त्यांच्या आयुष्यात असं उत्तर राहून जाण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. बसमध्ये ते ड्रायव्हरमागच्या जागेवर बसले नाहीत. ती जागा त्यांनी मॅडमना दिली आणि स्वतः मागं त्र्यंबकरावांशेजारी येऊन बसले. मुली गाणी म्हणत होत्या. कळव्याच्या पुढं कुठंतरी पोपटराव कानाशी वाकले. त्र्यंबकरावांना वाटलं, आता मॅडमबद्दल यांचं शेवटचं मत ऐकायला मिळणार. पोपटराव खरखरत्या आवाजात म्हणाले, "खडीसाखर खाणार?"

मोसम संपला, परीक्षा आल्या, मुली मैदानावर येईनाशा झाल्या. तरी दोघं पाइपावर बसायचे. रिकाम्या मैदानाकडे बघून पोपटराव पुढच्या वर्षीचा संघ मांडायचे. पायल कप्तान. मंजुळा शेवटच्या वर्षाला, तिच्या जागी कुणीतरी तयार करायला हवी, ते मॅडम बघतील. 'ते मॅडम बघतील' हे आता त्यांच्या बोलण्यात वरचेवर यायचं. एकदा तर एक नवी मुलगी एकटीच सराव करताना दिसली आणि पोपटरावांनी ओरडायला तोंड उघडलं, मग मिटलं. "नको. मॅडमनी काय सांगितलंय तिला, कुणास ठाऊक."

एप्रिल निम्मा झाला तशी ऊन सोसेना. पुतण्याचं लग्न होतं म्हणून पोपटराव गावाला निघाले. कोणतं गाव, ते तेव्हा विचारायला हवं होतं. पण माणूस चार दिवसांत परत येणार म्हटल्यावर असलं काही कोण विचारतं? परत आली ती नुसती बातमी. निघायच्या आदल्या संध्याकाळी ते पाइपावरून उठले, पंचा झटकून खांद्यावर टाकला आणि दहा पावलं जाऊन, सगळ्या इमारतीच्या बाल्कन्यांत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "त्र्यंबकराव, येताना घरातनं जुनं पोतं आणा हो एखादं. हा पाइप आता बसल्यावरही गार होत नाही."

"आणतो," त्र्यंबकराव म्हणाले.

"काय?"

"आणतो म्हटलं!" त्र्यंबकराव ओरडले.